एवढी मोठी पोकळी

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत हेमलतानं एकच गणित तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तिला स्वतःचाच राग आला. उत्तर बदलतच नव्हतं, आणि ते उत्तर खरं असणं शक्य नव्हतं.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत ती खगोलशास्त्राचं काम करत होती. तिच्यासमोर एका दूरच्या दीर्घिका-समूहाचं, उपग्रहानं क्ष-किरणांत टिपलेलं चित्र होतं. अशा समूहात शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात आणि त्यांच्या मधल्या जागेत अतितप्त वायू भरलेला असतो. चित्रात तो वायू भाकरीसारखा गोल दिसायला हवा होता. पण भाकरीच्या एका कडेला कुणीतरी घास तोडल्यासारखी खाच होती, अगदी कमानदार.

समूहाच्या मधोमध असलेल्या दीर्घिकेच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर असतं. त्याच्याकडे ओढलं गेलेलं सगळंच आत जात नाही. काही तोंडाशीच तापतं आणि भयंकर वेगानं बाहेर फेकलं जातं. अशा उद्रेकानं आजूबाजूचा वायू बाजूला सारला जातो, हे एक-दोन समूहांत नुकतंच दिसू लागलं होतं. पण ते बुडबुडे लहान होते. ही खाच उद्रेकाची असेल तर तिच्यात आपल्या आकाशगंगेसारख्या कित्येक दीर्घिका ओळीनं मांडता आल्या असत्या.

जयनगरच्या घरी रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं कागद नवऱ्यापुढे सरकवला. उमाकांत एका सरकारी कारखान्यात पंपांच्या विभागात इंजिनिअर होता.

"हे बघ जरा. मला वाटतं मी कुठेतरी शून्य जास्त घेतलंय."

उमाकांतनं चष्मा लावला. "दाब गुणिले घनफळ. बरोबरच आहे की. वायू ढकलायला एवढं काम लागणारच. घनफळच एवढं घेतलंस तर उत्तर एवढंच येणार."

"अरे, पण आजवर कुणी पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या स्फोटाच्या शेकडो पट आहे हे."

"मग घनफळ चुकलं असेल, नाहीतर तुझं नशीब उघडलं असेल," असं म्हणून तो हात पुसत उठला.

दुसऱ्या दिवशी ती पद्मनाभसरांकडे गेली. विभागात सगळ्यांत ज्येष्ठ, मूळचे म्हैसूरचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"कमान सुंदर आहे," ते म्हणाले. "पण उद्रेक नाही. दोन समूह एकमेकांवर आदळले असतील, त्यात वायू असा हेलकावतो. एवढी ऊर्जा एका कृष्णविवराच्या तोंडून? हेमलता, ज्याला एवढा मोठा आकडा मांडायचाय, त्यानं तेवढाच मोठा पुरावा आणावा."

ती केबिनमधून बाहेर पडली ती चिडूनच. पण चहा होईपर्यंत राग उतरला, कारण पुरावा कुठे मिळेल हे तिला ठाऊक होतं. खाच खरोखर उद्रेकाची असेल तर ती रिकामी नसणार. उद्रेकाबरोबर उडालेले इलेक्ट्रॉन तिथे अजून भटकत असणार. कोट्यवधी वर्षांत थकलेले, म्हणून फक्त लांब लहरींच्या रेडिओत क्षीणपणे लुकलुकणारे. आणि अशा लहरी पकडणाऱ्या तारांचं एक शेत संस्थेनं आनेकलच्या पुढे, माळरानावर उभारलं होतं.

समूह माथ्यावर यायचा तो भर दुपारी. रेडिओला दिवसरात्रीचं सोयरसुतक नसतं, आणि सूर्यही त्या वर्षी शांत होता. तरी पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाया गेल्या. ऐन वेळेला कागदावर जाड काळे पट्टे उमटायचे, जणू कुणी त्या समूहावर शाई ओतत होतं.

"मी म्हणालो होतो ना, पुरावाही तेवढाच मोठा लागेल?" पद्मनाभ म्हणाले. पण जीपमध्ये तेच पुढे बसले. "चल, शाई कोण ओततं ते बघून येऊ."

शोधायला फार वेळ लागला नाही. तारांच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची नवी शेड उभी राहिली होती आणि आत निळा जाळ लखलखत होता. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करणारं वेल्डिंगचं दुकान. ठिणगी तिथे उडायची आणि पट्टा इथे उमटायचा.

मालक तिशीतला होता, नाव संतोषकुमार. हेमलतानं आपल्या मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. पद्मनाभ मदतीला येणार इतक्यात त्यानं मागे वळून घराकडे हाक दिली, "अगं, पाणी आण, मंडळी आल्यात!"

"तुम्ही मराठी?" हेमलता उडालीच.

"घरात मराठीच की अक्का. पणजोबापासून हितंच आहोत आम्ही." तो हसला. "बोला, काय पायजे? फाटक?"

फाटक नको, दुपारचा थोडा वेळ वेल्डिंग बंद हवं, हे ऐकून त्याचं हसू मावळलं. "ते कसं जमंल? तीन फेजची करंट येती ती दुपारीच. सकाळी मशीन नुसतं बघत बसायचं. तुमचं काय ऐकायचं असतंय तिथं वर?"

हेमलतानं तिथेच, लोखंडी पट्ट्यांच्या ढिगावर बसून सांगितलं. खूप लांब एक अजस्र तोंड आहे. गिळता गिळता त्यानं एकदा असा उद्रेक केला की भोवतीचा सगळा वायू दूर लोटला गेला. त्या जागी काही उरलंय का, ते आम्ही पाहतो.

"कधी झालं हे?"

"तिथून निघालेल्या लहरी आज पोचतायत. त्या निघाल्या तेव्हा इथे जमिनीवर झाडंसुद्धा नीट उगवली नव्हती."

संतोषकुमारनं हातातला मुखवटा बाकड्यावर ठेवला. "तेवढं जुनं, आन् माझ्यामुळं दिसंना?" त्यानं जरा विचार केला. "सरी, चालंल. त्या वेळेला आम्ही रंगकाम करतो. पण स्वल्प दिवसच हां अक्का. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय."

त्यानं शब्द पाळला. दुपारी त्याच्या शेडमध्ये लाल रंगाचे डबे उघडले जायचे आणि इकडे कागद स्वच्छ येऊ लागला. महिनाअखेरीस हेमलतानं सगळ्या नोंदी एकत्र करून नकाशा काढला आणि क्ष-किरणांच्या चित्रावर ठेवला. नकाशातला धूसर, मोठा डाग त्या खाचेत बसला होता. कमानीला कमान भिडली होती.

पद्मनाभांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरून पाहिले, उलटे करून पाहिले.

"टक्कर नव्हे," एवढंच ते म्हणाले. मग कागद टेबलावर ठेवून, "लिही. आपण दोघं मिळून लिहू."

निबंध परदेशातल्या एका मान्यवर नियतकालिकाकडे गेला आणि पावसाळ्यात परत आला. परीक्षकाचं मत सौम्य पण ठाम होतं. नकाशे उत्तम आहेत, ऊर्जेचा आकडा मात्र विश्वासार्ह नाही, तो वगळल्यास छापायला हरकत नाही.

हेमलतानं ते वाचलं आणि तिला चक्क हलकं वाटलं. इतके महिने तो आकडा तिच्या मानेवर बसला होता. आता दुसऱ्याच कुणीतरी तो उतरवून घेत होतं.

"काढून टाकू या सर," ती म्हणाली. "नकाशे तर छापून येतील. ज्याला गणित करायचंय तो करेल."

पद्मनाभांनी मान वर केली. "तो चुकीचा आहे असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग?"

"तुम्हीच म्हणाला होतात—"

"मी शंका घेतली," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "आकडा मरावा म्हणून नाही घेतली, बाई. टिकतो का ते बघायचं होतं. टिकला. आता कुणाला तो अवघड वाटतो म्हणून तू त्याला घराबाहेर काढणार?"

हेमलता खुर्चीत मागे टेकली. आपण नेमक्या कशाला भीत होतो ते तिला त्या क्षणी कळलं. चुकण्याची भीती केव्हाच संपली होती. बरोबर असून एकटं पडायची भीती उरली होती. ती आता एकटी नव्हती, तरी ती भीती पुरती गेली नव्हती.

त्यांनी निबंध मागे घेतला. आकडा जागच्या जागी ठेवून तो एका लहान नियतकालिकाकडे पाठवला. तिथे तो पुढच्या वर्षी छापून आला. कुणी वादळ उठवलं नाही. दोघा-तिघांनी प्रती मागवल्या. एकानं कळवलं की गणितात चूक सापडत नाही, तरी मन मानत नाही.

तो मजकूर हेमलतानं पद्मनाभांना वाचून दाखवला तेव्हा ते खुर्चीवरून उठून छत्री शोधत होते.

"प्रामाणिक माणूस आहे," ते म्हणाले. "खरं सांगू? मन माझंही अजून मानत नाही."

"मग नाव कसं घातलंत त्यावर?"

"मन मानेपर्यंत थांबलो असतो तर निवृत्तच झालो असतो." छत्री सापडली. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आणखी एखादा समूह असेल का गं, असा घास तोडलेला?"

हेमलतानं खुर्ची पुढे ओढली. तिनं संगणकाच्या पडद्यावर पुढच्या समूहाचं चित्र लावलं आणि ती त्याच्या कडा न्याहाळायला लागली. पद्मनाभांनी छत्री परत कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.