अर्ध्या इंचाची लाज

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. कापड मोजायची, एके काळी पिवळीधमक, आता पुसट झालेली. मला तोंड नाही हे एका अर्थी बरंच आहे, कारण माझ्या गोष्टीत मिरवण्यासारखं फार थोडं आहे.

वीस वर्षं मी शिवणकामाच्या एका कारखान्यात मास्तरांच्या गळ्यात होते. "मास्तरांचं माप म्हणजे माप!" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी फुगून जायचे. मास्तरांना एकच खोड होती. विचार करताना ते माझी दोन टोकं धरून मला ओढत बसायचे. मला मेलीला ते लाड वाटायचे.

एकदा सगळे जुने कारागीर एकदमच दुसऱ्या कारखान्यात गेले. मास्तरांनी पाच नवी माणसं घेतली. त्यांत एक निवृत्त पोस्टमन होते, एक भाजीवाली ताई होती. कात्री कशी धरायची इथपासून सुरुवात! "आधी रद्दी कापा," मास्तर म्हणाले, "रद्दी रडत नाही." दोन महिने नुसती रद्दी कापल्यावर पाचही जणांचे हात बसले. मग मास्तरांनी प्रत्येकाला नवी कोरी टेप दिली आणि तपासणीचं काम माझ्याकडे ठेवलं.

पहिलंच मोठं काम आलं. नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्यांच्या खोळी. मी मोजलं आणि प्रत्येक तुकडा अर्धा इंच कमी भरला.

"डोळे कुठे ठेवले होते?" मास्तर कडाडले. पोस्टमनकाकांच्या हातातला खडू खाली पडला. दुसऱ्या दिवसापासून चौघंजण गुपचूप अर्धा इंच जास्त कापू लागले. मास्तर खूश झाले. एकटी ताई मात्र आपल्या टेपप्रमाणेच कापत राहिली.

"ताई, उद्यापासून येऊ नका," शेवटी मास्तर म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. घरी दोन लेकरं आणि आजारी सासू, सगळं तिच्या एकटीवर होतं. पण जेवणाचा डबा उचलून ती निघून गेली नाही.

"मास्तर, रागावू नका. मी भाजी विकायचे तेव्हा दरवर्षी वजनं तपासून शिक्का मारून आणायचे. वजनं झिजतात. तुमची टेप कधी तपासली?"

तिने मला टेबलावर तिच्या टेपशेजारी ठेवलं. सुरुवात जुळवली. तिचे चोवीस इंच संपले, तिथे माझे साडेतेवीसच झाले होते. ताणून ताणून मी लांबले होते, अन् माझ्या खोटेपणाची शिक्षा खरं मोजणाऱ्यांनी भोगली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मास्तरांनी दोन्ही टेपा स्वतः पुन्हा जुळवून पाहिल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलो मी. ताई, जाऊ नका. काका, तुम्हालाही उगाच बोललो." त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून जादा अर्धा इंच कापून काढला आणि खोळी खुर्च्यांवर चापून बसल्या.

मला वाटलं, आता केराची टोपली. पण मास्तरांनी मला दाराशी खिळ्यावर टांगलं. आता नवीन माणसांना ताईच शिकवते. पहिल्या दिवशी ती मला नव्या टेपशेजारी ठेवते आणि म्हणते, "शिकवणाऱ्याचं माप चुकलं तर असं दाखवायचं. घाबरून अर्धा इंच वाढवायचा नाही."

मित्रांनो, शिकणाऱ्यावर ओरडण्याआधी आपलं माप एकदा तपासा, एवढंच सांगणं आहे.

दाखवून झालं की ताई मला हलकेच खिळ्यावर अडकवते. माझ्यामुळे तिची नोकरी जाणार होती, तरी ती मला कधी ओढत नाही. त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.