नव्वद किलोची पुकार

हिंगणघाटच्या कापूस बाजारात मी मधुकरराव, तीस वर्षं मापारी. काट्याचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, अन् एकदा पुकारला की वापस घ्यायचा नाई, हा आमचा रिवाज. दुसरं माप पाहिजे असंन त आधी कारण दाखव. याच्यावरून माझे किती जणासंग भांडणं झाले, विचारू नका.

अन् माझी पोट्टी सपना गेली कोचीले, जहाजाचं डिझाईन शिकाले. लोकं मले चिडवत, "मापारी, वर्ध्यात समुद्र कवा आला जी?" मी म्हणो, "येईन तेव्हा तुमाले नाई बसवून घेत!"

२००१ च्या दिवाळीत ती घरी आली. तेव्हा वणा नदीच्या पलीकडचे किसनराव कापूस वेचाले येणाऱ्या बायांसाठी मोठा डोंगा बनवून बसले होते. त्यायच्यापाशी विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजन होतं. इंजनचे दुकानदार ओमप्रकाशजी म्हणे, दहाच्या खाली डोंगा हलायचाच नाई. सपना म्हणे, पाच पुरे. दहाचं इंजन जड, त्याच्यानंच डोंगा दबंन, मंग बाया कुठी बसवान?

"पण बाबा, पाचातले डोंगा ढकलाले दोनच उरतात," तिनं कागदावर दाखवलं. "थोडं पट्टा खाते, थोडं दांडा खाते, अन् पंखा त आर्धी ताकद पाणी घुसळण्यातच घालवते."

मी भडकलोच. "म्हणजे कडता! व्यापारी पोत्यामागं वजन कापते तसा?" कडत्यापायी मी जिंदगीभर भांडलो, अन् माझीच पोट्टी नदीले पाचात तीनचा कडता देऊन राह्यली!

"तो कापूनच हिशोब केला, बाबा," ती हासली. "भरलेला डोंगा ओढाले साठ किलोचा जोर लागंन. या दोनात सत्तरपर्यंत जमंन. सत्तरच्या वर गेला, त माझा हिशोब चुकला."

पण साठ हा आकडा पुस्तकातल्या सूत्राचा. तिचे सर म्हणाले होते, मोजून आण, नाई त शेवटच्या सालचा प्रोजेक्ट धरत नाई. मोठ्या ठिकाणी म्हणे लांब हौदात जहाजाचा नमुना ओढून मोजतात. इथी कुठचा हौद? मी म्हणलं, "अवं, माझा काटा हाय ना!"

कापूस तोलायचा टांगता काटा घेऊन आम्ही नदीवर गेलो. डोंग्यात सरकीची पोती भरली, वीस बायांच्या वजनाइतकी. डोंग्याच्या नाकाले काटा, काट्याले दोर, अन् दोर धरून सहा गडी काठाकाठानं झपाझप चालाले तयार. किसनरावाचा नावाडी तानबा सुकाणूवर. सपना काठावर, गड्यायचा वेग मोजाले हातात घड्याळ. मी डोंग्यात समोर बसलो, काट्याची तबकडी माझ्याच तोंडाकडे. दुसऱ्या कोणाले ती दिसत नव्हती.

डोंगा निघाला. काटा चढला. साठ झाले, सत्तर झाले, अन् नव्वदवर जाऊन टेकला.

खरं सांगतो, साठ म्हणावं असं जिभेवर आलतं. कोण पाहून राह्यलं होतं? पोट्टीचं साल वाया जाईन, गावभर हासू होईन. तिच्याकडे पाह्यलं, त ती माझ्याच तोंडाकडे पाहत होती. अन् तोंडातून सवयीनं निघून गेलं, "नव्वद हो नव्वद!"

काठावर मजा पाहाले जमलेल्या लोकायत एकच हासा पिकला. "दहाचं घ्या किसनराव, दहाचं!" ओमप्रकाशजी ओरडले. सपनाचं तोंड उतरलं. कसला बाप मी, असं मले झालं.

पण ती रडली नाई. वहीत नव्वद लिहिले, अन् गुडघाभर पाण्यात उतरून डोंग्याच्या मागं गेली. तानबा घामानं ओलाचिंब, सुकाणू छातीशी धरून बसला होता.

"एवढं काऊन वळवलं, तानबाकाका?"

"दोर डोंग्याले काठाकडे ओढते बाई. असं नाई धरलं त चिखलात जाते ना."

"बाबा, हे घ्या कारण!" ती ओरडली. "आडवं सुकाणूच पाणी अडवून राह्यलं. दोर समोरून पाहिजे!"

कारण दाखवलं, म्हणजे दुसरं माप हक्काचं. डोंग्याचं नाक नदीपलीकडं फिरवलं अन् दोर त्या काठावर नेला. गडी तिकडच्या वावरातून सरळ चालले, तानबाचं सुकाणू सरळ राह्यलं. काटा साठच्या जरासा पुढं गेला अन् थांबला.

"बासष्ट हो बासष्ट!" माझा आवाजच फाटला.

ओमप्रकाशजी कायचे सोडतात? "हिशोब पोट्टीचा, काट्यावर बाप. बासष्टच निघंन ना जी!"

मी डोंग्यातून उडीच मारणार होतो त्यायच्या अंगावर. पण किसनराव शांतपणे बोलले, "याले खोटंच बोलायचं असतं, त मघा नव्वद कायले बोलला असता?"

ओमप्रकाशजीनं डोकं खाजवलं अन् म्हणे, "बरं, पंखा तरी माझ्या दुकानातून नेजा."

पाचचंच इंजन बसलं. पहिल्या खेपेले वीस बाया बसल्या, अन् किसनरावाच्या बायकोनं, आनंदाबाईनं, नारळ फोडला. डोंगा असा निघाला की सपनानं घड्याळ पाहून टाळीच वाजवली. मंग तिथीच मांडीवर वही ठेवून ती प्रोजेक्ट लिहीत बसली. मी डोकावलो. बासष्टच्या वर नव्वदही तसेच होते, बाजूले कारण लिहिलेलं.

"अवं, नव्वद खोडले नाई काऊन?"

"एकदा पुकारला की वापस घ्यायचा नाई," ती वर न पाहता म्हणाली. "तुमचाच रिवाज हाय ना, बाबा?"

मले सगळ्या बायांसमोर रडू आलं, अन् मी ते लपवलं नाई.