चौथी पायरी

"भन्ते, मला दुसरा शत्रू चालेल का?"

विहारातलं संध्याकाळचं सूत्रपठण संपलं होतं. लोक सतरंज्या गुंडाळत होते. विचारणारी बाई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि आता पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच होती.

भन्तेंनी मैत्रीभावनेच्या चार पायऱ्या शिकवल्या होत्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलग माणसाचं, मग अनोळख्याचं आणि शेवटी ज्याचं नाव काढलं तरी कपाळात तिडीक उठते त्याचं. पहिल्या तीन धाकटी झपाझप चढली. चौथीवर मोठी जाऊ बसली होती.

"दुसरा म्हणजे कोण?" भन्तेंनी विचारलं.

"आमचा मुकादम. त्याचं भलं मी चिंतू शकते. तसा बरा आहे बिचारा."

भन्ते हसले. "ताई, दुखतंय गुडघ्याला आणि मलम लावायचं कोपराला?"

"पण भन्ते, जळजळतं हो फार."

"जळजळू दे. थोडं थोडं लावा."

जळजळण्याचं कारणही तसंच होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा धाकटी दिवसभर इस्पितळाच्या चादरी आणि घरी आल्यावर सासूबाईंच्या चादरी बघायची. मोठी शाळेत मास्तरीण. संसार शाळेच्या गावी, सुट्टीला तेवढी यायची. सासूबाई गेल्या, त्या दिवशी भरल्या घरात ती म्हणाली, "शेवटच्या दिवसांत म्हातारीची चादर तरी कुणी बदलली का, देव जाणे." त्या दिवसापासून धाकटीनं मोठीशी बोलणंच टाकलं. निवृत्त होऊन मोठी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आली, तरी जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी भिंतीकडे बघायच्या.

तर धाकटीनं थोडं थोडं मलम लावायला सुरुवात केली. इस्त्री फिरवता फिरवता ती पुटपुटायची, "जाऊबाई सुखी होवोत. निरोगी होवोत." मग मनाविरुद्ध पुढे निघायचं, "पण घाई नाही." शेजारच्या टेबलावरची बाई खो खो हसायची. काही महिन्यांनी ती शेपूट गळून पडली. कधी गळाली ते धाकटीला कळलंही नाही.

आणि मग पुतण्याचा फोन आला. "काकू, आई जिन्यात घसरली. पाय मोडलाय. तुमच्याच इस्पितळात आणलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन स्वतःच वॉर्डात गेली. तिचं ते काम नव्हतं, पण पाय निघाले. मोठी खिडकीजवळच्या खाटेवर होती. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत घट्ट ओढलेलं.

"सिस्टरला पाठवू नकोस," भिंतीकडे बघतच मोठी म्हणाली. इतक्या वर्षांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. "त्या वॉर्डबॉयलाही मी हाकललंय. आता मुलगा येईल, त्याच्याबरोबर शाळेतल्या बाया येतील."

धाकटीनं वासावरून ओळखलं. तिनं काही विचारलं नाही. पडदा ओढला, हात धुतले, कोरडा गाऊन आणला. मोठीला अलगद कुशीवर वळवलं, ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळत नेली, पुसून घेतलं, मागोमाग कोरडी अंथरली. मग दुसरी कूस. पांघरूण जागचं फारसं हललंही नाही. हात चालू लागले की ओठही चालायचे, ती सवयच झाली होती.

"काय पुटपुटतेस?"

"तुमचं नाव घेतेय."

"शिव्या देतेस?"

"सुरुवातीला जवळजवळ तसंच होतं," धाकटी खरं ते बोलली. "आता सुखी होवोत म्हणते."

मोठीला हसू फुटलं. हसण्यानं पाय दुखला, दुखण्यानं पुन्हा हसू आलं, आणि त्यातच डोळ्यांना धार लागली. धाकटीनं पदर पुढे केला.

"सासूबाईंचीही अशीच बदलायचीस?"

"हो."

"रोज?"

"कधी कधी दोनदा."

मोठीनं तिच्याच पदरानं पुन्हा डोळे पुसले. तेवढ्यात बाहेर बायकांचा आवाज आला. धाकटीनं ओल्या चादरीचा बोळा काखेत मारला आणि पडदा सारला. शाळेतल्या मास्तरणी आत आल्या, मागे पुतण्या.

"या," मोठी म्हणाली. आवाज वर्गातला होता, खणखणीत. "ही माझी धाकटी जाऊ. आमच्या सासूबाईंचं शेवटचं सगळं हिनं केलं. एकटीनं. मी नव्हते."

आलेल्या बायांना काही संदर्भ लागला नाही. मास्तरणींनी कौतुकानं माना हलवल्या. पुतण्या मात्र काकूकडे बघतच राहिला; आजी गेली त्या दिवशी तोही घरात होता.

"संध्याकाळी येशील ना गं?" मोठीनं विचारलं.

"आधी विहारात जाऊन येते. मग तुमच्यापाशीच."

"तिथं म्हणता ते मलाही शिकव. या पलीकडच्या बाई दिवसभर कण्हतात. त्यांच्यासाठी म्हणेन. नुसतं पडून तरी काय करू?"

धाकटी मागच्या जिन्यानं खाली उतरली. धुलाईघरातलं मोठं यंत्र भरत आलं होतं. तिनं बोळा उलगडला आणि ती चादर बाकीच्या चादरींत टाकली. झाकण लावून बटण दाबलं. काचेआड पाणी चढलं, साबण फेसाळला, सगळ्या चादरी एकमेकींत गुंतून फिरू लागल्या. त्यातली कुठली कुणाची, आता तिलाही सांगता आलं नसतं.