गलबतातले दोन खडे

“बस की मेल्या!” लारू थिगेसन बरणीच्या झाकणावर खेकसली.

पीचच्या अकरा बरण्या उकळून निघाल्या होत्या, बारावीचं झाकण काही बसेना. खरा राग झाकणावर नव्हताच. भिंतीवरचा फोन सकाळपासून मुका होता. नवऱ्याच्या, गार्थच्या पोटातून तपासायला काढलेल्या तुकड्याचं काय ते शुक्रवारी कळवतो, असं डॉक्टर म्हणाले होते. शुक्रवारचे तीन वाजून गेले आणि लारूचा जीव टांगणीला लागला होता.

गार्थ टर्की कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन बसला होता. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद. मँटायसारख्या एवढ्याशा गावात, जिथं एकानं शिंकावं आणि सगळ्या चर्चला सर्दीची बातमी कळावी!

त्यात रविवारी चर्चमध्ये करायचं भाषण. या वेळी पाळी तिची, आणि बिशपनं विषय दिला होता धर्मग्रंथातल्या सोळा खड्यांचा. त्यातल्या जेरेड नावाच्या माणसाच्या भावानं दगड वितळवून ते केले, देवानं उजळवले, आणि समुद्रावर निघालेल्या आठ बंद, अंधाऱ्या गलबतांत उजेडासाठी दोन दोन ठेवले गेले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. लग्न झाल्यापासून लारूनं मनाशी धरलं होतं, एक खडा गार्थ, दुसरा आपण. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, लोक हसले असते. आज कागदावर तेवढंच उतरलं आणि पेन अडलं. एक खडा विझला तर काय करायचं, हे ग्रंथात लिहिलेलं नाही. तिनं दोनदा शोधलं होतं.

दार वाजलं. शेजारची नेड्रा आली होती, हातात फॉइलनं झाकलेलं भांडं.

“गार्थची गाडी हॉस्पिटलपाशी दिसली म्हणे. म्हटलं, काहीतरी गरम द्यावं.”

लारूनं फॉइल उचललं. चीज घालून भाजलेले बटाटे. गावात त्यांना मयतीचे बटाटेच म्हणतात. दफन आटोपलं की चर्चच्या हॉलमध्ये हेच वाढतात.

“अगं नेड्रा, माझा माणूस जिवंत आहे अजून!”

“अरे देवा!” नेड्राचा चेहरा खर्रकन उतरला. “मला दुसरं काही येतच नाही गं!”

लारूला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं.

“घरी जाऊन आमच्या वेल्डनला पाठवते,” नेड्रा तिला जवळ घेत म्हणाली. “गार्थला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून बरं होण्याचा आशीर्वाद देईल.”

“गार्थ नको म्हणेल. अर्ध्या गावाला त्यानं दिला, स्वतः कधी मागितला नाही.”

पाच वाजता गार्थ आत आला.

“फोन नाही आला,” लारू म्हणाली. “आता बंद झाला असेल दवाखाना.”

“आला होता. दहाला. माझ्या मोबाइलवर.”

“दहाला? आणि मी दिवसभर इथं कान लावून बसले!”

“तुझे पीच व्हायचे होते.”

“काय म्हणाले?”

“सोमवारी बोलावलंय. दोघंही या म्हणाले.”

दोघांनाही कशाला बोलावतात, ते तिला कळलं.

“वेल्डनला बोलावू?”

“वेल्डन नको.” त्यानं हॅट काढली आणि खुर्चीत बसला. “तूच ठेव हात.”

“मी? अरे, चर्चमध्ये हे पुरुषांचं काम. बिशपला कळलं तर?”

“दोन बरण्या पीच दे त्याला.”

तिनं चिकट हात धुतले, पुसले, त्याच्या विरळ केसांवर ठेवले. आशीर्वादाचे शब्द चाळीस वर्षं ऐकून तिला पाठ होते. त्यातला एकही आठवेना.

“देवा, हा माझा माणूस आहे,” ती म्हणाली. एवढंच निघालं.

यानंतर आमेन म्हणायचं असतं, आणि आमेन म्हटलं की हात काढायचे असतात. गार्थ म्हणाला नाही. तीही म्हणाली नाही.