कप्तानबाईंचे हातमोजे

मी भांडी पुसत होते. सूनबाई फोन घेऊन आत आली आणि म्हणाली, "आई, आधी बसा. मग बघा."

टोपीवाल्याने माझ्यावर व्हिडिओ टाकला होता. जुन्या मालिकांवर बोलणारा हा गृहस्थ फोटोत कायम टोपी घालून असतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव हे. मीही मालिकेवरच बोलते, पण एकाच. अंतराळयानाच्या कप्तानबाईंची मालिका माझ्या लहानपणी दर आठवड्याला लागायची. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे त्या दुकानाच्या मागच्या खोलीत मालकांचा टीव्ही होता. घड्याळाच्या तेलाच्या वासात, खोक्यांवर बसून मी ती बघायचे. कप्तानबाईंसारखा भांग पाडून शाळेत गेले, तर मुलींनी आठवडाभर सलाम ठोकून पिडलं.

म्हातारपणी सूनबाईने मला फोनसमोर बसवलं आणि बघता बघता चाळीस हजार माणसं ऐकायला आली. 'कप्तान आजी' म्हणू लागली. जन्मभर "पुरे आता तुझं" हेच ऐकलेल्या बाईला याची चटक लागणारच.

सगळ्यात जास्त पाहिला गेला तो शेवटच्या भागावरचा व्हिडिओ. यान फुटणार हे कळल्यावर कप्तानबाई आपले हातमोजे काढून यंत्रं सांभाळणाऱ्या पोरीच्या हातात चढवतात, तिला सुटकेच्या होडीत ढकलतात आणि स्वतः मागे राहतात. मी तो प्रसंग सांगितला तेव्हा लोक ढसाढसा रडले होते.

टोपीवाल्याने कुठूनतरी तो भाग मिळवून पूर्ण दाखवला. यान फुटतं. सगळे मरतात. हातमोजे नाहीत, होडीही नाही.

"बायका मालिका बघत नाहीत, स्वप्नं बघतात," असं म्हणून तो हसला.

माणसं जातील याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी. शेवटच्या वर्षांत माझी आई न घडलेल्या गोष्टी अशाच ठामपणे सांगायची, अगदी लुगड्याच्या रंगासकट. मला तर त्या मोज्यांची शिवण दिसत होती.

रविवारी आम्ही थेट प्रक्षेपण ठेवलं. टोपीवालाही हजर होता, खाली टोमणे लिहीत. सूनबाईने माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर जोडून घेतलं.

"होता तो प्रसंग," धाकटी म्हणाली. "मी बघितलाय. ताईच्या मांडीवर डोकं होतं माझं. खोलीतला फिनेलचा वाससुद्धा आठवतो."

पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. सूनबाईने मला अंगठा दाखवला. झालं, सुटले. गप्प बसायचं फक्त.

पण फिनेल?

गप्प बसले असते तर माणसं राहिली असती. माझ्या डोक्याचं काय, ते मात्र मला कधीच कळलं नसतं.

"धाकटे," मी म्हणाले, "दुकानात फिनेल कुठलं गं? तू तेव्हा दवाखान्यात होतीस. टायफॉइड झाला होता तुला."

सूनबाईने कपाळाला हात लावला.

"तायडे, तुला वाचवायला आले तर तू मलाच बुडव," धाकटी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "दवाखान्यातच होते. भाग संपला की तू धावत यायचीस सांगायला. शेवटचा सांगितलास, सगळे मेले म्हणालीस. मी रडायला लागले. तशी म्हणालीस, थांब वेडे, अजून आहे."

"म्हणजे मी रचलं?"

"मला काय माहीत? मी एकही भाग बघितलेला नाही. तुझ्याच तोंडून ऐकले सगळे."

सगळे. खाली कुणी 'फसवलं' लिहीत होतं, कुणी निघून जात होतं. माझ्या डोक्यात मात्र एकेक भाग उभा राहत होता. यातले पाहिलेले कुठले आणि धाकटीच्या उशाशी बसून रचलेले कुठले? धाकटी सांगू शकत नव्हती. सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता.

"टोपीवाले," मी म्हणाले, "हातमोजे माझेच, चूक कबूल. पण आंधळ्या नावाड्याचा भाग होता का हो? तो यान नुसतं ऐकून चालवतो?"

सूनबाईचा अंगठा फोन बंद करायच्या बटणाशी गेला. मी तिचा हात धरला.

'होता,' त्याने लिहिलं.

मी सूनबाईचा हात सोडला आणि पुढचा भाग विचारला.