खिडकीची वाट पाहणारी सळई

मित्रांनो, रस्त्याने जाताना कधी मान वर करून पाहा. एखाद्या बैठ्या घराच्या गच्चीवर, खांबांच्या टोकांना गंजक्या सळयांचे झुबके उभे दिसतील. एखादीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची बाटली उपडी घातलेली असेल. तशीच एक जुनी सळई मी. रायपूरच्या गुढियारीत, अनंतरावांच्या घरावर माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म रायपूरजवळच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यात झाला. भट्टीतून लालबुंद बाहेर पडले, ओढत ओढत लांब झाले, अंगावर वळ उमटले आणि निवल्यावर कळलं, की आपण सळई झालो. ट्रकवर चढताना आम्हा सगळ्यांना एकच घोर होता, आपल्या वाट्याला कुठला खांब येतो.

मला मिळाला तो खांब रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बाबूंचा. अनंतराव मूळचे पुलगावचे. बोलणं कमी आणि हौस दांडगी. घराचा नकाशा मंजूर झाला, त्या दिवशी त्यांनी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, घरोघरी पेढे वाटले. ‘पास झाला’ एवढंच सांगत ते दारोदार फिरत होते. शेजारच्या रीनाकाकूंनी कौतुकानं विचारलं, पोट्टी कितवी पास झाली? त्यांची लेक क्षमा तर तेव्हा शाळेतही जात नव्हती.

“पोट्टी नाही जी, नक्शा पास झाला,” अनंतराव म्हणाले. पारा त्यावर कितीतरी दिवस हसत होता.

पास झालेला नकाशा मात्र तळमजल्यापुरताच होता. वरच्या मजल्याची परवानगी सवडीनं घेऊ, असं अनंतरावांनी ठरवलं. स्लॅब पडल्यावर मिस्त्री माझं वरचं टोक कापायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. वरचं क्षमासाठी बांधायचं आहे, राहू दे तिला उभी, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून माझं अर्धं अंग नोकरीला लागलं आणि अर्धं उमेदवारी करत राहिलं. कमरेखाली मी घर पेलत होते आणि कमरेवर नुसती आभाळाकडे पाहत होते.

तसे दिवस वाईट नव्हते. अनंतरावांच्या पत्नी वनमालाबाईंनी माझ्या गळ्यात कपड्यांची दोरी बांधली. मजला पेलायला आलेली मी, चादरी आणि बनियन पेलू लागले. दर पावसाळ्याआधी अनंतराव मला सिमेंटचं पाणी लावायचे आणि डोक्यावरची बाटली बदलायचे. संध्याकाळी क्षमा विटेच्या तुकड्यानं गच्चीवर आपलं घर आखायची. ही खोली, हा ओटा, आणि अगदी माझ्याजवळ खिडकी. इथून गाड्या दिसतील, असं ती म्हणायची. पावसात ती खिडकी पुसली जायची आणि उघडीप झाली की पुन्हा तिथंच उमटायची. त्या खिडकीवर माझा जीव जडला. तिच्या बाजूला आपण खांब होऊन उभं राहायचं, एवढीच माझी आस होती.

अनंतरावांची सवड मात्र कधी झाली नाही. क्षमाचं शिक्षण झालं, तिच्या धाकट्या भावाचं, परागचं झालं, मग ते निवृत्त झाले आणि एका हिवाळ्यात गेलेच. सिमेंटचं पाणी थांबलं. बाटली उन्हानं चिरली. मला गंज चढला.

पराग पुण्यात स्थिरावला होता. बापाच्या तेराव्याला आला, तेव्हा घराचा विषय निघाला. बैठं घर, अरुंद गल्ली, विकून असं काय येणार? “दीदी, तू ही रख ले,” तो मनापासून म्हणाला. भावाचा शब्द कागदावर कोण घेतं?

क्षमा नव्या रायपुरात सरकारी कचेरीत कामाला होती. आईजवळ राहायचं आणि वर आपलं घर बांधायचं, हे तिनं ठरवलं. ठेकेदार म्हणाला, आधी बांधा, परवानगीचं मागून बघू. पण बिनपरवानगीचा मजला बँक घराच्या किमतीत धरत नाही आणि गिऱ्हाईकही त्याचा भाव पाडतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं रीतसर अर्ज केला, हेलपाटे घातले. इंजिनियर आला, त्यानं तारेच्या ब्रशनं मला खरवडलं आणि आतलं लोखंड पक्कं आहे म्हणाला. इतक्या वर्षांनी कोणी माझी विचारपूस केली होती. मी सुखावले.

एक दिवस परवानगी आली. एका मजल्याची मागायला गेली होती, नव्या नियमानं दोन मजल्यांची मिळाली. वनमालाबाईंनी खवा आणून घरीच पेढे वळले. आत्ताच नको वाटू, आई, असं क्षमा म्हणत होती.

“तुह्या बाबानं वाटले होते. मंग मी काहून नाही वाटू?” असं म्हणून म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी दारोदार गेली. पास झाला, पास झाला.

कोपऱ्यावरचा निरंजन घरांची दलाली करायचा. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि किती मजले पास झाले, ते विचारून घेतलं. संध्याकाळी पुण्याला फोन गेला.

पराग आला. दोघं भावंडं माझ्याजवळच उभी होती. दोन मजल्यांची परवानगी असलेल्या घराचा भाव आता दुपटीच्या वर गेला होता. त्याला त्याचा वाटा हवा होता. तू ठेव म्हणाला होतास, अशी क्षमानं आठवण दिली.

“दीदी, तब की बात अलग थी. तब सिर्फ छत थी, अब दो मंज़िल हैं.”

“अजून एक वीट नाही चढली रे, पराग.”

“काग़ज़ पर तो चढ़ गई ना,” तो खाली पाहत म्हणाला.

नव्या किमतीनं परागचा वाटा देणं क्षमाच्या आवाक्यातलं नव्हतं; घर विकावं लागलं. परवानगी आणली नसती, तर घर तिचंच राहिलं असतं. ज्या परवानगीसाठी ती झिजली, तिनंच घर तिच्या हातून नेलं. जाण्याच्या दिवशी ती वर आली, माझ्या गळ्यातली दोरी सोडली आणि पुसल्या गेलेल्या खिडकीच्या जागी बराच वेळ उभी राहिली. मला रडता येत नाही, म्हणून नुसती उभी राहिले.

नवे मालक अच्युतराव. त्यांनी काम चटकन काढलं. उरल्याहून आलेली कोवळी सळई माझ्या अंगाला तारेनं बांधली आणि भोवती काँक्रीट ओतलं. मला अंधार मिळाला, वजन मिळालं. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली, तो मजला डोक्यावर आला.

मग एकदा गल्लीतून ओळखीचे आवाज आले. आई आणि लेक रीनाकाकूंना भेटायला आल्या होत्या.

“अहो, चढला बरं तुमचा मजला,” वनमालाबाई वर पाहून म्हणाल्या. हे अनंतरावांना होतं.

क्षमानं माझ्या खांबाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आई, खिडकी त्यायनं दुसरीकडं ठेवली.”

मित्रांनो, गच्चीवर गंजलेली सळई दिसली तर तिला भंगार म्हणू नका. कोणाचं तरी घर तिच्यावर बांधायचं राहिलेलं असतं. तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर ती कोणासाठी ठेवली, ते वडीलधाऱ्यांना विचारा, आणि सवडीची वाट पाहू नका. माझं म्हणाल, तर दोन मजले मी सहज पेलते. पण क्षमाच्या खिडकीच्या जागी आता भिंत आहे, आणि ती एकच भिंत मला जड जाते.