पाय कुणाचा, नाव कुणाचं

बोलतेय मी, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत उभी असते ती पांढरी गाडी. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. गाडीला तक्रार करता येत नाही असं माणसांना वाटतं. येते हो. आम्ही वास सोडतो, चढावर कण्हतो, थरथरतो. ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं, एवढंच.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. इंजिन लहान, पण टर्बोचं, त्यामुळे अंगात रग होती. दसऱ्याच्या दिवशी श्यामकांतसाहेबांनी मला घरी आणलं. साहेब मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारात अधिकारी, दिल्लीतच केस पांढरे झालेले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, अलकनंदाबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मुलगा अनुराग तेव्हा शाळेत होता. त्याने सगळ्यात आधी हॉर्न वाजवून बघितला.

पुढची पाच वर्षं मी साहेबांच्या पायाखाली काढली. हे शब्दशः घ्या. साहेब गाडी चालवायला बसले की त्यांचा डावा पाय क्लचवर जो टेकायचा, तो ऑफिस येईपर्यंत तिथेच. त्यांचंही एक कारण होतं. दिल्लीच्या वाहतुकीत पुढच्या गाडीपासून हातभर जागा सोडली, की कुणीतरी नाक घुसवणारच. म्हणून ते सदा तयारीत. चढावर सिग्नल लागला तरी हँडब्रेक ओढायचा नाही, क्लचवरच मला तोलून धरायचं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी एक चकती आमच्या पोटात असते, तिला क्लच प्लेट म्हणतात. पाय असा टेकून ठेवला की ती धड दाबलीही जात नाही आणि धड सुटतही नाही, नुसती घासत राहते. माझी ती चकती पाच वर्षं घासत होती. कधीकधी जळका वास यायचा. साहेब काच वर करून म्हणायचे, "काय हे दिल्लीचं प्रदूषण."

मग साहेबांना बढती मिळाली, ऑफिसची गाडी मिळाली, आणि मी अलकनंदाबाईंकडे आले.

बाईंना नोएडात एका वृत्तवाहिनीत मराठी भाषांतराचं काम मिळालं होतं. कामाची पाळी रात्री संपायची. त्या वेळी कॅबने एकटीने यायचं तर घरचे सगळे जीव मुठीत धरून बसणार, म्हणून गाडी असेल तरच ती नोकरी जमणार होती. बाईंनी पंचेचाळिशी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. साहेब म्हणाले, "अगं, दिल्लीत गाडी चालवायची म्हणजे खायचं काम नाही." सहा आठवड्यांनी त्या मला एकट्या घेऊन यमुनेपलीकडे गेल्या आणि परत आल्या.

काय सांगू तुम्हाला, किती हलका हात. आणि पाय त्याहून हलका. गिअर पडला की डावा पाय बाजूला, चढ आला की हँडब्रेक. जाताना त्या माझ्याशी बोलायच्या, अडलेल्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायच्या, सापडला की स्टिअरिंगवर टिचकी मारायच्या. घरात त्या कुणाची तरी आई आणि कुणाची तरी बायको होत्या. माझ्यात बसल्या की नुसत्या अलकनंदा. ते मला फार आवडायचं.

पण झिजलेली चकती किती दिवस तग धरणार? बाईंच्या हातात येऊन मला चार महिने झाले असतील नसतील, आणि माझी ओढ कमी व्हायला लागली. इंजिन ओरडायचं आणि चाकं आपली सावकाश. एका रविवारी साहेब मला चालवत होते, सगळं कुटुंब आत होतं, आणि बारापुल्ला उड्डाणपुलाच्या चढावर त्यांचे मित्र अंबादास आपली मोठी गाडी घेऊन शेजारून पुढे गेले. जाताना काच खाली करून विचारलं, "काय श्यामकांत, धक्का मारू का?"

तो बाण साहेबांच्या वर्मी बसला. घरी येईपर्यंत निदान झालेलं होतं. "अलका, तू हिला फार दबकत चालवतेस. गाडी आळसावली."

"मी?" बाई म्हणाल्या.

"मग कोण? माझ्याकडे पाच वर्षं होती, कधी कुरकुरली का?"

कुरकुरले होते, साहेब. तुम्ही काच वर केली होती.

तेव्हापासून घरात एकच विषय, स्वस्तात गाडीची ताकद कशी वाढवायची. अनुराग आता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याचं सगळं शिक्षण मोबाईलवर चाललेलं. "बाबा, टेन्शन नका घेऊ. बहुत सारे ऑप्शन आहेत," तो म्हणाला. आधी त्याने ऑनलाइन एक डबी मागवली. ती स्टिअरिंगखाली खोचली की म्हणे इंजिनाची हॉर्सपॉवर वाढते. तिच्यात एक हिरवा दिवा लागायचा, बाकी काही नाही. मग माझा चांगला एअर फिल्टर काढून स्पोर्ट्स फिल्टर बसवला. त्याने आवाज वाढला आणि साहेबांना वाटलं, ताकदच वाढली. मग सायलेन्सरचा पाइप बदलला, तर शेजारचे जोशी रात्री खिडकीतून डोकावायला लागले. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार. माझं दुखणं कुठे आहे हे बघायला मला एकदा लिफ्टवर घ्यावं, असं या दोन शहाण्यांपैकी कुणालाही वाटलं नाही.

बाई एकदा म्हणाल्या, "अहो, आधी मेकॅनिकला दाखवू या का? काहीतरी बिघडलं असेल."

"बिघडलं काही नाही. सवय बिघडली आहे गाडीची," साहेब म्हणाले.

शेवटी अनुरागने रीमॅपचा शोध लावला. "इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलायचं, बस. नवीन गाडीपेक्षा बिल्कुल सस्ता. रॉकेट होईल, बाबा." नोएडातल्या एका गॅरेजात कुणा पोराने लॅपटॉप जोडला आणि माझ्या इंजिनाला जादा जोर लावायला शिकवलं. आता विचार करा. दोर झिजलेला, आणि बैल दांडगा आणून जुंपला. सपाट रस्त्यावर दोन दिवस मी खरंच धावले. साहेबांनी अंबादासना फोन केला. "आता ये संक्रांतीला, बघू कोण कुणाला धक्का मारतो."

संक्रांतीचं असं, की आमच्या ओळखीची मराठी मंडळी दर वर्षी चौदा जानेवारीला पानिपतला जातात. काला आंबच्या स्मारकाला हार घालायचा, मुलांना लढाईची गोष्ट सांगायची, तिळगूळ वाटायचा. पाच-सहा गाड्या एकामागोमाग निघतात. त्या सकाळी धुकं होतं. साहेब माझ्या स्टिअरिंगवर, पाय नेहमीच्या जागी. सोनिपत गेलं, आम्ही अंबादासना मागे टाकलं, साहेब शीळ घालत होते. पानिपत शहराचा उड्डाणपूल चढताना त्यांनी जोर दिला. इंजिनाने होता नव्हता तेवढा जोर लावला आणि चकतीने हात टेकले. धूर निघाला, जळका वास सुटला, आणि मी चढावरच थांबले.

मागच्या गाड्या थांबल्या. स्वेटर, मफलर, हातात तिळगुळाचे डबे, सगळे माझ्याभोवती गोळा झाले. अंबादास म्हणाले, "अरे, झालं काय?"

आणि साहेब, माझ्या बॉनेटवर हात ठेवून, हसत म्हणाले, "बायकोच्या हातात गाडी दिली की असंच होतं."

सगळे हसले. अनुरागही हसला. फक्त अंबादासांच्या पत्नी विजयाबाई हसल्या नाहीत. अलकनंदाबाई हातातला डबा घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मला भोंगा वाजवून सगळं सांगावंसं वाटत होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी होताना गाडीने करायचं काय?

मला ओढून तिथल्या एका गॅरेजात नेलं. दुसऱ्या दिवशी साहेब आणि बाई बसने मला न्यायला आले. मेकॅनिकने जळलेली चकती दाखवली, नवी बसवल्याचं आणि रीमॅप काढून टाकल्याचं सांगितलं आणि विचारलं, "क्लच पे पैर रख के कौन चलाता है जी?"

"मॅडम चलाती हैं," साहेब म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही त्यांना. आणि मग बाईंना, मराठीत, "किल्ली आता माझ्याकडे राहू दे. नोएडाच्या नोकरीचं काय ते बघ."

बाईंनी ती चकती हातात घेऊन पाहिली. बोटं काळी झाली. मग म्हणाल्या, "बरं. चालवा तुम्ही. मी शेजारी बसते."

आम्ही निघालो. बाई रस्त्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

"अहो, पाय."

"काय?"

"क्लचवर आहे."

साहेबांनी पाय काढला. पुढच्या ट्रकपाशी तो परत आला.

"पाय," बाई म्हणाल्या.

समालखा गेलं, टोलनाका गेला. त्या दुसरं काही बोलल्याच नाहीत. ना आवाज चढवला, ना टोमणा मारला. पाय आला की नुसतं 'पाय'. साहेब भडकले, "तू मला गाडी शिकवणार आता?"

"नाही. तो कुठे आहे तेवढं सांगते."

मुरथलला साहेबांनी मला ढाब्यापुढे लावलं. पराठे आले. दोघं जेवले. उठताना साहेबांनी किल्ली बाईंच्या ताटाशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेले. बाईंनी मला घरी आणलं, आणि सोमवारी नोएडाला नेलं.

या संक्रांतीला आम्ही पुन्हा पानिपतला गेलो. बाई चालवत होत्या, साहेब शेजारी. तो पूल मी एका दमात चढले. स्मारकापाशी अंबादासांनी माझ्या टपावर थाप मारली. "काय पळतेय हो. शेवटी ताकद वाढवलीच म्हणायची. काय केलंत?"

साहेब घसा साफ करून म्हणाले, "ते नोएडात एका माणसाकडून सेटिंग..."

"वाढवली नाही, भाऊजी," बाई मध्येच म्हणाल्या. "होती तेवढीच आहे. क्लच प्लेट बदलली आणि ड्रायव्हर बदलला."

विजयाबाई मोठ्याने हसल्या, आणि मग बाकीचेही. साहेब हाराची पुडी सोडायच्या कामाला लागले. म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही. ज्या माणसांसमोर त्यांनी बायकोचं नाव पुढे केलं, तीच माणसं तिथे उभी होती. 'पाय माझा होता' हे तीनच शब्द आहेत, साहेब, आणि त्यांना खर्चही काही नाही. मी अजून काही वर्षं धावेन. मला भंगारात काढायच्या आधी तेवढं बोला, माझ्यासमोर नको, त्याच माणसांसमोर, तिच्यादेखत.